मृतांचा हात आणि लोकनिधि
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या गांवांत एक कायमचा निधि उभारावा, आणि त्याच्या व्याजांतून गरिबांच्या मुलांचें शिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा, निराधार वृद्धांचा सांभाळ इत्यादि कामें व्हावीं, अशी सूचना पुढें आली आहे व तिला सर्वांची संमति आहे. मतभेद आहे तो एवढाच कीं, देणगीदारानें आपल्या देणगीस अटी किती घालाव्या, आणि जमलेल्या पैशाचा विनियोग कोणाच्या हातीं असावा. मागील दोन बैठकींत यावर जें बोलणें झालें तें येथें पुन्हां उगाळण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील एका शहरीं एका पेढीच्या अध्यक्षास पडला होता, आणि त्यानें त्याचा जो उलगडा केला त्याचें अनुकरण पुढें जगांतील अनेक देशांत झालें. ती हकीकत आपणांपुढें ठेवावी म्हणून आज आम्ही उभे राहिलों आहों.

तें शहर म्हणजे ओहायो राज्यांतील क्लीव्हलँड. ईरी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिण तीरावर, कायाहोगा नदीच्या मुखाशीं तें वसलें आहे. सुपीरियर सरोवराच्या कांठचें लोहखनिज जहाजांनीं यावें, खाणींतील कोळसा आगगाडीनें यावा, आणि या ठिकाणीं दोहोंची गांठ पडून पोलाद तयार व्हावें, असा त्या शहराचा उद्योग असे. जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० सालीं येथेंच निघाली. १९१० च्या खानेसुमारींत शहराची वस्ती साडेपांच लाखांवर गेली होती, आणि तींत पोलंड, हंगेरी, बोहेमिया, इटली, आयर्लंड इत्यादि देशांतून पोट भरण्यासाठीं आलेल्या लोकांचा भरणा मोठा होता. एकीकडे गिरणीमालकांचे वाडे आणि दुसरीकडे मजुरांचीं दाटीवाटीचीं घरें, असा सर्व उद्योगनगरांचा जो देखावा तोच तेथेंहि होता. दानधर्म करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या. १९१३ सालीं त्यांनीं एकत्र येऊन वर्गणी गोळा करण्यास प्रारंभहि केला. पण वर्गणीचा पैसा त्या वर्षाचा त्या वर्षीं सरतो, आणि पुढील वर्षीं पुन्हां दारोदार जावें लागतें, हें आपल्यापैकीं ज्यांनीं वर्गणी गोळा केली आहे त्यांस सांगावयास नको.

फ्रेडरिक हॅरिस गॉफ हे मूळचे वकील. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वकिलींत त्यांनीं मोठमोठ्या धनिकांचीं कामें पाहिलीं व चांगला पैसा मिळविला. शहराला लागून असलेल्या ग्लेनव्हिल या लहान गांवाचे मेयर असतांना तेथील घोड्यांच्या शर्यतींवरील जुगार मोडून काढल्यामुळें त्यांचें नांव लोकांत झालें होतें. १९०८ सालीं ते क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या पेढीचे अध्यक्ष झाले. ही पेढी इतर पेढ्यांप्रमाणें ठेवी घेई व कर्जें देई, आणि त्याखेरीज मृत्युपत्रान्वयें आपल्याकडे सोंपविलेल्या मालमत्तेची विश्वस्त या नात्यानें व्यवस्था पाही. या शेवटच्या कामामुळें गॉफ यांच्या हाताखालून शेंकडों मृत्युपत्रें गेलीं, आणि सद्धेतूनें दिलेला पैसा कसा अडकून पडतो हें त्यांस जवळून पाहावयास मिळालें.

इंग्रजी कायद्यांत 'मृताचा हात' असा एक जुना शब्दप्रयोग आहे. तो मुळांत मठांच्या व देवळांच्या जमिनींना उद्देशून निघाला, हें आम्हां धर्मगुरूंना फारसें भूषणावह नसलें तरी सांगितलेलें बरें. जमीन एकदां देवळाकडे गेली म्हणजे ती पुन्हां कोणाच्या हातीं जात नसे, म्हणून राजे कुरकुर करीत व तेराव्या शतकांत त्यांनीं तिजविरुद्ध कायदे केले. पुढें ज्याचा मालक कधींच मेला आहे, पण ज्याची मर्जी मात्र जिवंतांवर चालूच आहे, अशा कोणत्याहि दानास हा शब्द लागू होऊं लागला. सर आर्थर हॉबहाउस या इंग्रज कायदेपंडितानें या विषयावर दिलेलीं व्याख्यानें १८८० सालीं 'द डेड हँड' या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं, व गॉफ यांच्या विचारांस त्यांनीं मोठी चालना दिली. हे हॉबहाउस १८७२ पासून १८७७ पर्यंत व्हाइसरॉयांच्या कौन्सिलाचे कायदे-सभासद म्हणून आपल्या देशांत होते. आपल्याकडील देवस्थानें व धर्मादाय यांचे तंटे त्यांच्या नजरेस आलेच असतील.

या मृतांच्या हाताचीं दोन उदाहरणें आम्ही देतों, कारण त्यांवांचून पुढील योजनेचें मर्म ध्यानांत येणार नाहीं.

पहिलें उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचें. हे १७९० सालीं वारले. त्यांनीं बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन शहरांस प्रत्येकीं एक हजार पौंड ठेवले. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आंतल्या, विवाहित कारागिरांस धंदा काढण्यासाठीं यांतून शेंकडा पांच व्याजानें कर्ज द्यावें, व दोनशें वर्षें हा क्रम चालवावा, अशी अट होती. फ्रँकलिन स्वतः छापखान्यांत उमेदवारी करून वर आले होते, तेव्हां त्यांची बुद्धि सरळ होती. परंतु शंभर वर्षें लोटण्यापूर्वींच कारखाने निघाले, उस्तादाजवळ राहून उमेदवारी करण्याची चाल मोडली, आणि त्या अटींत बसणारा ऋणकोच मिळेनासा झाला. गणिताप्रमाणें पैसा वाढला खरा. १९९० सालीं दोनशें वर्षें पुरीं झालीं तेव्हां बोस्टनच्या निधींत चाळीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम होती. मात्र ज्या तरुण सुतारालोहारासाठीं तो निधि ठेवला होता, तो मधल्या काळांत नाहींसा झाला होता.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे, व तें एका कॅथॉलिक गृहस्थाचें आहे. सेंट लुइस शहराचे एके काळचे मेयर ब्रायन मुलानफी १८५१ सालीं वारले. त्या काळीं पश्चिमेकडील ओसाड मुलखांत वस्ती करण्यासाठीं लोकांचे तांडे बैलगाड्या जुंपून सेंट लुइसवरून जात. कित्येकांचा पैसा त्या शहरींच संपे, कित्येक तेथें पटकीनें मरत. हें पाहून मुलानफी यांनीं आपल्या मिळकतीचा तृतीयांश भाग, पश्चिमेकडे खरोखर वस्ती करण्यास निघालेल्या गरीब वाटसरूंच्या मदतीसाठीं शहराच्या स्वाधीन केला. पुढें आगगाडी झाली, पश्चिमेचा मुलूख वसून गेला, आणि बैलगाडीचा तो वाटसरू इतिहासजमा झाला. मिळकतीचें मोल मात्र वाढतच राहिलें. त्याच शहरांत भुकेलेले लोक होते, पण ते पश्चिमेकडे निघालेले नव्हते. तो निधि दुसऱ्या कामीं लावण्याची वाट काढतां काढतां प्रकरण १९३४ सालीं मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें.

या दोघांत कोणी दुष्ट नव्हता कीं कोणी मूर्ख नव्हता. आपल्या डोळ्यांसमोर असलेलें दुःख सदासर्वकाळ त्याच रूपानें राहील, असें त्यांनीं धरून चालले, आणि असें आपण सर्वच धरून चालतों.

आतां गॉफ यांची योजना पाहूं. २ जानेवारी १९१४ रोजीं त्यांच्या पेढीच्या संचालकांनीं एक ठराव पास केला व क्लीव्हलँड फाउंडेशन ही संस्था अस्तित्वांत आली. ज्याला आज कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात, व ज्याला आम्ही येथें लोकनिधि म्हणत आहों, त्या प्रकारची ही जगांतील पहिली संस्था. तिचें तत्त्व असें कीं, कोणीहि लहानमोठी देणगी द्यावी, ती सर्वांच्या देणग्यांत मिळावी, मुद्दल पेढीनें सांभाळावें, आणि उत्पन्न मात्र कोणास द्यावयाचें हें पेढीनें ठरवूं नये. देणगीदारानें आपली इच्छा अवश्य सांगावी, व ती शक्य तोंवर पाळली जाईल. परंतु काळ बदलून ती इच्छा निरुपयोगी किंवा अशक्य झाली, तर तो पैसा शहराच्या दुसऱ्या गरजेकडे वळविण्याचा अधिकार समितीस राहील. हें एक कलम मृत्युपत्रांत असतें, तर मुलानफींचा निधि त्यांच्याच शहरांतील उपाशी लोकांच्या उपयोगीं कितीतरी लवकर पडता.

समितीची घडण आपण नीट ध्यानांत घ्यावी अशी आहे. सभासद पांच. त्यांतील दोघे पेढीनें नेमावयाचे, एक शहराच्या मेयरनें, एक मृत्युपत्रांचें काम पाहणाऱ्या न्यायाधीशानें व एक संयुक्त संस्थानांच्या जिल्हा न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशानें. याप्रमाणें पैसा सांभाळणाऱ्या पेढीच्या माणसांचें समितींत बहुमत होऊं शकत नसे. सरकारी अधिकार धारण करणारा किंवा तो मिळविण्याच्या खटपटींत असलेला मनुष्य समितीवर येऊं नये. एकाच धर्मपंथाचे दोहोंहून अधिक सभासद असूं नयेत, व शक्य तर एकच असावा. मदत देतांना वंश, वर्ण किंवा धर्म पाहूं नये. आम्हांस हें धर्मपंथाचें कलम विशेष शहाणपणाचें वाटतें. ज्या शहरांत प्रॉटेस्टंट पेढीवाले, कॅथॉलिक मजूर व यहुदी दुकानदार एकमेकांकडे संशयानें पाहत, तेथें या एका कलमावांचून सर्वांचा विश्वास बसणें कठीण होतें.

तथापि या घडणींत एक उणीव होती, व ती सांगितली पाहिजे. पेढीवाले, मेयर व न्यायाधीश यांनीं नेमणुका करावयाच्या. ज्यांच्यासाठीं निधि, त्यांस मत नाहीं. त्याचा परिणाम पुढें दिसला.

निधि स्थापन झाला, पण त्यांत पैसा जवळजवळ नव्हता. मृत्युपत्रान्वयें देणगी यावयाची म्हणजे देणारा मरावा लागतो, आणि बहुतेकांनीं आधीं पत्नीची व मुलांची तरतूद करून, त्यांच्या पश्चात् पैसा निधीस जावा असें लिहिलेलें असे. दुसरा एखादा असता तर वाट पाहत बसता. गॉफ यांनीं असें ठरविलें कीं, वाटावयास पैसा येईल तेव्हां येवो, तोंवर शहराची खरी गरज काय आहे याची पाहणी तरी करूं. आणि त्या खर्चासाठीं त्यांनीं स्वतःच्या खिशांतून पैसे घातले. प्रथम गरिबांस मिळणाऱ्या मदतीची पाहणी झाली. नंतर १९१५-१६ मध्यें लिओनार्ड एअर्स यांच्या देखरेखीखालीं शहराच्या सरकारी शाळांची पाहणी झाली, व तिचें वृत्त पंचवीस भागांत प्रसिद्ध झालें. कोणी म्हणेल, पंचवीस भाग कोण वाचतो? यासाठींच बहुतेक भाग खिशांत मावतील इतके लहान काढले होते, आणि एकेक वृत्त तयार झालें कीं तें नागरिकांच्या सभेंत मांडून वर्तमानपत्रांत देत. आंकडे दाबून ठेवण्याची सोय शाळाखात्यास राहिली नाहीं.

सर्वांत गाजली ती फौजदारी न्यायाची पाहणी. त्या शहरच्या म्युनिसिपल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश हेच खुनाच्या आरोपावरून उभे राहिले. त्या आरोपांतून ते सुटले, परंतु १९२१ सालीं खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांस शिक्षा झाली. लोक खवळले. तेव्हां निधीनें हार्वर्ड येथील रॉस्को पाउंड व फेलिक्स फ्रँकफर्टर या दोन कायदेपंडितांस बोलावून पोलीस, कोर्टें, तुरुंग, इतकेंच नव्हे तर वर्तमानपत्रें यांचीहि तपासणी करविली, व १९२२ सालीं तिचें पुस्तक निघालें. त्यांतील एक गोष्ट फार मौजेची आहे. जानेवारी १९१९ च्या पहिल्या पंधरवड्यांत शहरांत ३४५ गुन्हे घडले होते व दुसऱ्यांत ३६३, म्हणजे वाढ अगदींच थोडी. पण वर्तमानपत्रांनीं गुन्ह्यांच्या बातम्यांस दिलेली जागा त्याच अवधींत ९२५ इंचांवरून ६,६४२ इंचांवर गेली. लोक घाबरले ते गुन्ह्यांनीं कीं छापखान्यानें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आजहि सकाळीं वर्तमानपत्र उघडतांना आम्हांस हे इंच आठवतात.

ही कल्पना पसरण्यास वेळ लागला नाहीं. १९१५ सालीं शिकागो व बोस्टन येथें असे निधि निघाले. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें निघालेल्या निधींत एकाऐवजीं अनेक पेढ्यांनीं विश्वस्तपण स्वीकारलें. कानडा देशांत १९२१ सालीं विनिपेग येथें विल्यम अ‍ॅलोवे या पेढीवाल्यानें एक लाख डॉलर देऊन पहिला निधि उभारला. त्यानंतर तीन वर्षांनीं त्या निधीकडे एक लिफाफा आला. आंत पांच पांच डॉलरचीं तीन सोन्याचीं नाणीं होतीं, देणाराचें नांव नव्हतें, आणि 'विधवेचें दान' एवढेच शब्द लिहिले होते. मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणारी विधवा आपणां सर्वांस ठाऊक आहे. विनिपेगच्या निधीच्या वहींत लाखाच्या देणगीखालची दुसरी नोंद त्या पंधरा डॉलरांची आहे, व ती संस्था अ‍ॅलोवे यांच्याइतकेंच त्या अनामिक देणाराचेंहि स्मरण करते. लोकनिधि हा शब्द आम्हांस त्या लिफाफ्यावरून समजला.

गॉफ १९२३ सालीं वारले. त्यानंतर दहा वर्षांनीं अमेरिकेंत पेढ्या बुडाल्या, आणि क्लीव्हलँडमधील दोन फार मोठ्या पेढ्यांचे दरवाजे १९३३ सालीं बंद झाले ते पुन्हां उघडले नाहींत. गॉफ यांची पेढी तगली, म्हणून निधि तगला. एकाच पेढीवर सर्व भार टाकण्यांतला धोका यावरून दिसतो.

पुढील काळांत निधि वाढत गेला व शहर मात्र ओसरत गेलें. १९५० सालीं क्लीव्हलँडची वस्ती नऊ लाखांवर होती. २०२० च्या खानेसुमारींत ती पावणेचार लाखांहूनहि थोडी कमी भरली. पोलादाचे कारखाने मंदावले, ऐपतीचे लोक उपनगरांत गेले, आणि शहराच्या पोटांत काळ्या लोकांच्या दाट, दरिद्री वस्त्या उरल्या. त्यांतील हफ नांवाच्या वस्तींत जुलै १९६६ मध्यें दंगा उसळला व चार माणसें मेलीं. पन्नास वर्षें चाललेल्या निधीची दृष्टि ज्या गल्ल्यांपर्यंत नीट पोंचली नव्हती त्या याच. आम्ही मघां जी उणीव म्हटली ती ही. त्यानंतर निधीनें आपलें धोरण बदललें, धोक्याचीं कामें हातीं घेण्यास आरंभ केला, आणि क्लीव्हलँडपुरतें न पाहतां भोंवतालच्या लेक व जिऑगा परगण्यांचीहि जबाबदारी स्वीकारली. पाडावयास काढलेलीं जुनीं नाटकगृहें वांचविण्यास त्यानें पैसा दिला, हें पाहून आपल्यापैकीं कोणी नाक मुरडील. परंतु त्या नाटकगृहांभोंवतीं उजाड झालेला शहराचा भाग पुन्हां नांदता झाला. आम्हांस अधिक पटतें तें २००८ सालीं सुरू झालेलें एव्हरग्रीन सहकारी संस्थांचें काम. मोठीं इस्पितळें व विद्यापीठ हीं शहरांतच होतीं, व त्यांस कपडे धुऊन घेणें रोजचेंच होतें. तेव्हां शेजारच्या गरीब वस्तींतील लोकांच्या मालकीचा धुलाईचा कारखाना काढला, म्हणजे काम करणारे तेच व नफ्याचे वांटेकरीहि तेच. २०१८ सालीं क्लीव्हलँड क्लिनिक या प्रसिद्ध इस्पितळानें आपल्या धुलाईखान्याचा कारभार याच संस्थेकडे सोंपविला.

आज क्लीव्हलँड फाउंडेशनची मालमत्ता सुमारें तीन अब्ज डॉलर आहे, आणि २०२३ सालीं तिनें आपली कचेरी नाटकगृहांच्या श्रीमंत चौकांतून उचलून हफ वस्तीच्या कडेला नेली.

आपल्या देशांत या धर्तीचा पहिला निधि १९९१ सालीं मुंबईस निघाला. बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हें त्याचें नांव. कायदाहि आपणांस अगदीं प्रतिकूल नाहीं. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेसंबंधीं १९५० सालचा जो मुंबईचा कायदा आहे, व ज्यास हल्लीं महाराष्ट्राचें नांव लागलें आहे, त्याच्या ५५ व्या कलमान्वयें, मूळ हेतु पार पाडणें अशक्य झाल्यास न्यायालय तो पैसा दुसऱ्या कामीं लावूं शकतें. परंतु न्यायालयांत जाणें म्हणजे वकील, तारखा व वर्षें. तें कलम आपल्या नियमांतच आधीं घालून ठेवलें तर हा सारा द्राविडी प्राणायाम टळतो. सहकाराची रीत आपणांस नवी नाहीं. १९१८ सालींच वसईच्या कॅथॉलिक लोकांनीं आपली सहकारी पेढी काढली होती.

आतां आपल्या निधीविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों. ज्या कुटुंबांनीं आपल्या वडिलांच्या नांवें देणगी देण्याचें मनांत आणलें आहे, त्यांनीं नांव अवश्य लावावें व इच्छाहि लिहावी, पण बदल करण्याचें कलम मान्य करावें. अमुकच आळीच्या मुलास, अमुकच परीक्षेस, अमुकच रक्कम, अशी अट आज सोयीची वाटते. तीस वर्षांनीं ती परीक्षा राहील कीं नाहीं हें कोण सांगणार? लहान देणगी वेगळ्या वहींत लिहूं नये. शंभर रुपये व लाख रुपये एकाच यादींत यावेत. पैसा पेढींत राहावा, व तोहि एकाच पेढींत सगळा नसावा. हिशेब दरवर्षीं तपासून देवळाच्या दारावर लावावा.

राहिला प्रश्न सभासद कोणीं नेमावे याचा. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूनें सर्व सभासद नेमावे, अशी सूचना कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं केली आहे, व तींत त्यांचा आमच्यावरील लोभ दिसतो. आम्ही ती मान्य करूं शकत नाहीं. धर्मगुरू बदलतात, आमच्यानंतर येणारे आमच्याहून चांगले असतील, पण या गांवांतील कोणतें घर कशानें अडलें आहे हें त्यांस ठाऊक असावयास वर्षें लागतील. आम्ही एक सभासद नेमूं; दुसरा शाळेच्या मुख्याध्यापकांनीं नेमावा, तिसरा महिलामंडळानें, आणि उरलेले दोन त्या आळ्यांतील लोकांनीं आपसांत निवडावे, जेथें मदत जावयाची आहे. शेवटल्या या दोन जागांविषयीं आमचा आग्रह आहे, व त्यांवर मागील बैठकींत सर्वांत अधिक हरकती आल्या हेंहि आम्हांस ठाऊक आहे. मसुद्याची प्रत चिटणीसांकडे ठेवली आहे. ज्यांस कांहीं सुचवावयाचें असेल त्यांनीं तें पुढील बैठकीपूर्वीं लिहून द्यावें. तें सर्वांसमक्ष वाचलें जाईल.